मातीचा रस्ता

"आमी डांबराची वाट बघता बघता म्हातारी झालो, आनि तुमी मातीचा रस्ता हुडकत येता?"

काजूच्या बागेत बोंडं वेचणाऱ्या आजींनी विचारलं. हात थांबले नव्हते. एक पीळ, बी टोपलीत, बोंडू बाजूला. चिकाने बोटं काळी पडलेली.

मी साखरप्याजवळ, आंबा घाटाच्या पायथ्याला. सायकल ग्रॅव्हल, खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची, टायर ४० मिमीचे, हवा मुद्दाम कमी, ३५ पीएसआय, म्हणजे जांभ्याच्या खडीवर चाक उसळत नाही. हे सगळं त्यांना उत्साहाने सांगितलं. (कशाला सांगितलं, देव जाणे.)

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पावसात या. सून अडली तेव्हा डोलीतनं खाली नेली हिकडनं."

एवढंच. पुन्हा बोंडं.

पुढचा उतार भन्नाट होता, खोटं कशाला बोलू? ऐनाची सावली, चाकाखाली करकरणारी लाल खडी. पण ब्रेकवरची बोटं उगाच आवळलेलीच राहिली.

घरी येऊन राईड ॲपवर चढवली. नाव आधीच ठरवलं होतं, 'कच्च्या रस्त्याचं सुख'.

खोडलं. नुसतं 'साखरपा, ३८ किमी' लिहिलं.

त्या रस्त्यावर डांबर पडलं, तर मी परत जाईन का तिकडे?