सुरमई मीच मागवली होती

रविवार, १२ ऑक्टोबर. रात्र.

आज दुपारी मी सुरमई थाळी मागवली. एक नाही, चार. कुणी विचारण्याआधीच. मला स्वतःला सुरमई फारशी आवडत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मागवली.

ठाणेकर आला होता. घराच्या सातबाऱ्यावर आत्यांची नावं आहेत, त्या भानगडीसाठी तो वर्षातून दोनदा येतो, दोन दिवस तलाठ्याची वाट बघतो आणि परत जातो. यावेळी रविवार मोकळा मिळाला. मग भाई, दादू, तो आणि मी, शाळेतल्या शेवटच्या बाकावरचे चौघे, दादूच्या गाडीतून तारकर्लीच्या पुढे देवबागकडे निघालो. परवाच संकष्टी झाली, त्याआधी नवरात्र, त्यामुळे सगळेच जरा वखवखलेले होते.

देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची अरुंद पट्टी. रविवारी त्या पट्टीवर माणसांपेक्षा गाड्या जास्त. एमएच ०९, १२, १४. आमची ०७ बघून पार्किंगवाल्या पोराने हातसुद्धा केला नाही. आम्ही गेलो ती खानावळ घराच्या खळ्यातच आहे. वर झापांचा मांडव, खाली प्लास्टिकची टेबलं, हात धुवायला माडाच्या बुंध्याशी नळ. पाटीवर लिहिलंय : सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, बांगडा थाळी. या गावात सुरमईला घराघरात इसवण म्हणतात आणि कोळंबीला सुंगटं. पण पाटीवर इसवण लिहिलं तर गिऱ्हाईक विचारतं, हे कसलं नाव? म्हणून समुद्रातल्या मासळीची पाटीपुरती चार नावं उरली आहेत. पेडवे, सौंदाळे, मुडदुशे, मोरी, गुंजले, यांना थाळी नाही.

मी हे सगळं मनात बोलत होतो आणि तोंडाने म्हणालो, "काकी, चार सुरमई."

का, ते आत्ता लिहिताना कळतंय. आई अशीच करायची. आम्हांला रोज पेडवे नाहीतर तारले, म्हणजे स्वस्तातली काटेरी मासळी, तीही बाबा संध्याकाळी उशिरा बाजारात जायचे, भाव पडल्यावर वाटा स्वस्त मिळतो म्हणून. पण मुंबईचा पाहुणा आला की शेजारच्याकडून उसने पैसे घेऊन इसवण यायची. पाहुण्याच्या पानात मोठी तुकडी, आमच्या पानात शेपटीकडची. तारले पाहुण्याला वाढायचे नसतात. ठाण्यात फ्लॅट घेतलेल्या मित्रालाही नाहीत, असं माझ्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलं असणार. शिवाय बिल मी देणार होतो, आणि ते त्याला दिसायला हवं होतं. आता लिहितोच आहे तर हेही लिहितो.

थाळी आली. तुकडी चांगली होती, रवाही बेताचा. (गेल्या वर्षी हायवेवरच्या एका ठिकाणी इतकी पातळ तुकडी दिली होती की पलीकडचं टेबल दिसेल. नाव लिहीत नाही.) सोलकढीही फार गुलाबी नव्हती. फार गुलाबी असली की मला संशय येतो. आम्ही वाखाणलं, फोटो काढले, आणि मग ठाणेकराने घास हातातच ठेवून नाक वर केलं.

"तिरफळ."

"कुठे?"

"आतून येतोय वास. काकी, तिरफळ कशात घातलंय?"

काकी दारातूनच म्हणाली, "तां आमच्या घरच्यांका केलंय रे. तारल्यांचा तिखलां. तुमका काटे काढूक जमतले?"

सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली होती, काकीच्या पुतण्याचा त्यात वाटा. जाळ्यात तारलेच तारले. इतक्या तारल्यांचं करायचं काय, म्हणून घरात टोपभर तिखलं. ठाणेकर उठून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. आमच्यातला सगळ्यात शहाणा, वर्गात कधी हात वर न करणारा माणूस, काकीपुढे वाडगा धरून उभा.

तिखलं म्हणजे काही कलाकुसर नाही. मिरचीचं वाटण, हळद, दोन-चार सोलं, ठेचलेली तिरफळं, आणि उतरवताना वरून कच्चं खोबरेल. फोडणी नाही. रस अंगाबरोबर. तारला तेलकट मासा, त्याला तिरफळच लागतं, नाहीतर उग्र होतो. तिरफळ चावायचं नसतं, चुकून दाढेखाली आलं तर जीभ पाच मिनिटं बधिर. श्रावण-भाद्रपदात ओली मिळतात ती घोसाने वाळवून वर्षभर पुरवायची. सुरमईच्या कढीत तिरफळ घातलं तर चालतं, पण ते बँकेत लुंगी नेसून गेल्यासारखं.

मग पंधरा-वीस मिनिटं कुणी बोललं नाही. तारला खाताना बोलता येतच नाही. पाठीचा काटा अलगद उचलायचा, बाजूचे केसासारखे बारीक काटे जिभेने चाचपायचे, उकड्या भाताबरोबर घास सारायचा. ठाणेकर डोळे मिटून खात होता. पानाच्या कडेला त्याने काट्यांची ओळ लावली, लहानपणी लावायचा तशीच, सगळी डोकी एका दिशेला.

"ठाण्यात मिळत नाहीत?" दादूने विचारलं.

"मिळतात की. पण घरात खाणारा मी एकटा. बायकोला काट्यांची भीती, पोरांनी तारला पाहिलेलासुद्धा नाही. एकट्यासाठी कोण करणार? सुरमई काय, दर रविवारी असते."

दर रविवारी असते. मी माझ्या ताटातल्या तुकडीकडे बघितलं.

भाईचा स्वतःचा छोटा ट्रॉलर होता, दोन वर्षांपूर्वी विकला. तो म्हणाला, आता तारले-पेडवे ट्रकांनी मासळीची भुकटी करणाऱ्या फिशमीलच्या कारखान्यात जातात. दादू म्हणाला, पूर्वी तरी काय, जास्त झाले की माडांच्या मुळात खत म्हणून पुरायचे. हे खरं आहे, आमच्याकडेही पुरलेत. मग पर्ससीनची मोठी जाळी, मग रापणवाले, मग रात्री एलईडी दिवे लावून मासे पकडणारे, असा भाईचा नेहमीचा विषय निघाला. जून-जुलै बंदी पाळायची आम्ही, आणि ऑगस्टात मोठ्यांनी येऊन खरवडून न्यायचं, हे त्याचं पालुपद. त्याला मध्येच तोडत दादू म्हणाला, "२०२३ साली पापलेटला राज्यमासा केला ना? मग आमच्या तारल्याला निदान तालुकामासा तरी करा." ठाणेकराला ठसका लागला इतका हसला.

काटा मात्र मला लागला. हसताना. घशात उजवीकडे, पक्का रुतलेला. मी आधी कुणाला सांगितलं नाही, पाणी प्यायलो, खाकरलो. मग डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सगळ्यांना कळलं.

"हय रवतंस तू, आणि काटो तुकाच लागलो!" भाई म्हणाला. एवढा आनंद त्याला ट्रॉलर घेतला तेव्हाही झाला नसेल.

काकी भाताचा कोरडा गोळा घेऊन आली. लिंबाएवढा. "चावू नको, तसोच गीळ." डॉक्टर हे करू नका म्हणतात, काटा आणखी आत रुततो म्हणून. मला हे माहीत आहे, मी दुसऱ्यांना सांगितलंही आहे. पण काकी समोर कमरेवर हात ठेवून उभी होती. गिळला. दुसरा गिळला. तिसऱ्याला सुटला.

बिलात चार सुरमई थाळ्या होत्या, बाकी काही नाही. मी तिखल्याचे विचारले तर काकी खरंच वैतागली. "तारल्यांचे कसले पैशे घेवचे?" वर ठाणेकराला वाळलेल्या तिरफळांची पुडी दिली, वर्तमानपत्रात बांधून. माझी सुरमई अर्धी उरली होती, ती मी धाकटीसाठी बांधून घेतली. तिला बिनकाट्याचंच लागतं. ही सवय तिला मीच लावली.

संध्याकाळी त्याला कुडाळला गाडीत बसवलं. पुडी त्याने बॅगेत नाही, शर्टाच्या खिशात ठेवली. आत्ता नऊला मेसेज आला : समोरच्या बाई विचारतायत, तुमच्याकडे औषध आहे का कसलं, वास येतोय.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, टोपभर होतं तर दोन तारले बांधून का नाही आणलेस? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागायला सुचलंच नाही, की लाज वाटली, कोण जाणे.

घसा अजून खवखवतोय. उद्या सोमवार आहे, ते एक बरं.