खालचं दुकान रिकामं, वरचं घर अडलेलं

उत्तर इंग्लंडमधल्या स्किप्टन गावातलं आमचं घर हातचं जायची वेळ आली होती. घरात काही खोट नव्हती. अडचण होती घराखालच्या रिकाम्या दुकानाची. आता आम्ही त्या घरात राहतो, मुलगी शाळेत रुळली आहे, खिडकीतून बाजार दिसतो. तरीही इमारतीचा कारभार पाहणाऱ्या त्या मॅनेजिंग एजंटचा ईमेल आला की माझं डोकं अजून तापतं. लंडनच्या बाजूचे ओळखीतले काहीजण आता उत्तरेकडे छोट्या गावात घर शोधतायत आणि मला विचारतायत, म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

आम्ही आधी लंडनजवळच्या स्लाउला होतो. नवऱ्याला स्टीटनच्या एअरडेल रुग्णालयात नोकरी मिळाली आणि माझं ऑफिस लीड्सला हलवता आलं. त्यामुळे शोध एका रेल्वेमार्गापुरता उरला: लीड्स, साल्टेअर, बिंगली, कीथली, स्टीटन, स्किप्टन. त्या मार्गाबाहेरचीही दोन-तीन गावं पाहिली. स्लाउचा फ्लॅट विकणं, सामान हलवणं, शाळा मिळणं हे सगळं विनातक्रार झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

गावाबद्दल माझी अट एकच होती. मुख्य बाजारपेठ, म्हणजे इथला हाय स्ट्रीट, जिवंत हवा. मी सांगलीची. हरभट रोडवर काकांचं खाली दुकान आणि वर घर होतं. जिन्यावरून खाली उतरलं की गाव सुरू, ही सवय अंगात आहे. इंग्लंडात आल्यापासून मात्र बाजारपेठा ओस पडताना पाहिल्या. दुकानांच्या मोठमोठ्या साखळ्या एकेक करून गेल्या: वूलवर्थ्स २००९ च्या जानेवारीत बंद झालं, ते मी फक्त ऐकलंय. पण २०१६ मध्ये बीएचएस, २०२१ मध्ये डेबेनहॅम्स आणि २०२३ मध्ये विल्को गेलं, ते माझ्यासमोर. प्रत्येक वेळी गावाच्या मधोमध एक भलंमोठं काचेचं दुकान रिकामं होतं, मग शेजारची बँक जाते, मग पोस्ट एखाद्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात सरकतं. अशा गावात घर स्वस्त मिळतं, पण संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मला तिथे राहायचं नव्हतं.

इल्कली सुंदर आहे, पण आमच्या खिशाबाहेरचं. ऑटली मला मनापासून आवडलं, बाजार भरतो, माणसं बोलकी आहेत, पण रेल्वे स्टेशन १९६५ मध्येच बंद झालंय आणि मला बसच्या भरवशावर ऑफिस गाठायचं नव्हतं. हेब्डन ब्रिजला छोटी, मालक स्वतः चालवतात अशी दुकानं इतकी आहेत की पाहून आनंद होतो. पण २०१५ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिथे बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. २०१९ चा कृष्णेचा पूर आमच्या घरच्यांनी पाहिलाय, त्यामुळे मी तिथे फार वेळ विचार केलाच नाही. सरकारच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की त्या पत्त्याचा पुराचा धोका फुकट कळतो. घर आवडायच्या आधी हे करा, आवडल्यावर मन ऐकत नाही.

स्किप्टनला पहिल्यांदा गेलो तो मंगळवार होता, फेब्रुवारीतला, पाऊस होता. ते मुद्दामच केलं. तिथे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार हाय स्ट्रीटवरच बाजार भरतो. १२०४ मध्ये किंग जॉनने बाजाराची सनद दिली, तेव्हापासूनची ही परंपरा. बाजाराच्या दिवशी कुठलंही गाव गोड दिसतं. बाजार नसताना, थंडीत, दुपारी चारनंतर तिथे कोण दिसतं ते पाहायचं होतं. शाळेतून परतणारी मुलं दिसली, औषधांच्या दुकानात रांग दिसली, खिळे-स्क्रू विकणाऱ्या दुकानात एक आजोबा नळाचा वॉशर हातात धरून उभे होते. आणि मी वर पाहिलं. वरच्या मजल्यांवर पडदे होते, दिवे लागत होते. माझ्या मते बाजारपेठेची खरी तब्येत वरच्या मजल्यावर कळते. खाली कॅफे कितीही असोत, वर माणसं राहत नसतील तर सहानंतर तो रस्ता मोकळाच होणार. वर्तमानपत्रांच्या 'राहायला उत्तम गावं' याद्यांमध्ये हे कुणी मोजत नाही. स्किप्टन २०१४ मध्ये संडे टाइम्सच्या यादीत पहिलं होतं, इल्कली २०२२ मध्ये. याद्यांनी भाव वाढतात, एवढं नक्की.

घर मिळालं ते हाय स्ट्रीटलगत, दगडी इमारतीत वरचे दोन मजले, आत जायची वाट बाजूच्या अरुंद बोळातून. किंमत २ लाख ४० हजार पौंड. आई व्हिडिओवर पाहून म्हणाली, "अगं, हे तर आपल्या हरभट रोडसारखंच!" खालचं दुकान रिकामं होतं, काचेवर 'भाड्याने देणे'चा फलक. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, लवकरच कुणीतरी घेईल. आम्हीही मान डोलावली.

इंग्लंडमध्ये असं वरचं घर बहुधा लीजहोल्ड असतं. म्हणजे ठरावीक वर्षांचा हक्क आपला, पण इमारत आणि खालचं दुकान फ्रीहोल्डरचं, म्हणजे मूळ मालकाचं. तो सहसा स्वतः काही पाहत नाही, मॅनेजिंग एजंट नेमतो. विक्रीच्या वेळी आपल्या सॉलिसिटरला, म्हणजे व्यवहार पाहणाऱ्या वकिलाला, त्या एजंटकडून एलपीई-वन नावाचा फॉर्म भरून हवा असतो: देखभालखर्च, थकबाकी, छताचं पुढचं मोठं काम, इमारतीचा विमा. विकणाऱ्या बाईंनी या फॉर्मचे पैसे आगाऊ भरले. पैसे लगेच कापले गेले. फॉर्म आला नाही.

आठवडे गेले. फोन केला की ध्वनिमुद्रित आवाज सांगायचा की पोर्टलवर विनंती टाका. पोर्टलवर टाकली की उत्तर यायचं, विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. तो विभाग कोणता, ते कुणीच सांगेना. मग एकदाचा फॉर्म आला, त्यात विम्याची जागा कोरी. विचारलं, तर विम्याचं प्रमाणपत्र आलं, ते आदल्या वर्षाचं. पुन्हा विचारलं, तर चालू वर्षाचं आलं, पण त्यात खालच्या दुकानात अजून जुना भाडेकरू व्यवसाय करतोय असं लिहिलेलं. तो केव्हाच निघून गेला होता!

इथेच आम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेने हात आखडले. इमारतीतला काही भाग रिकामा राहिला तर बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये साधारण महिन्याभरानंतर संरक्षण आक्रसतं: आग, वीज पडणं, स्फोट एवढंच उरतं, पाइप फुटून झालेलं नुकसान गळून पडतं. रिकाम्या दुकानात थंडीत पाइप गोठून फुटला तर भिजणार ती सगळी इमारत. त्यामुळे बँकेचं म्हणणं रास्त होतं: दुकान रिकामं आहे हे विमा कंपनीला कळवलंय का, आणि तरीही पूर्ण संरक्षण आहे का, ते लेखी द्या. सॉलिसिटरच्या मदतनीस मुलीने हा एका ओळीचा प्रश्न एजंटला पाठवला. उत्तर आलं, "कोणतं युनिट?" त्या इमारतीत दुकान एकच आहे.

त्यात मार्च संपत आला. २०२५ च्या ३१ मार्चपर्यंत व्यवहार पुरा झाला असता तर आम्हाला स्टॅम्प ड्यूटी शून्य होती, कारण २ लाख ५० हजारांपर्यंत ती लागत नव्हती. १ एप्रिलपासून ही मर्यादा १ लाख २५ हजारांवर आली. आमच्या किमतीवर उरलेल्या १ लाख १५ हजारांना २ टक्के, म्हणजे २,३०० पौंड. एका कोऱ्या रकान्यापायी एवढे पैसे गेले, याचा राग मी अजून गिळलेला नाही. या नुकसानाची भरपाई एजंटकडे मागायची सोय नाही, कारण त्याच्याशी करार आपला नसतो. तो बांधील आहे तो फ्रीहोल्डरला. आणि उत्तर किती दिवसांत द्यायचं याला आमच्या वेळी कायद्याची मुदतच नव्हती.

शेवटी मी फ्रीहोल्डरलाच गाठायचं ठरवलं. सॉलिसिटरला आधी सांगितलं, विकणाऱ्या बाईंनाही विचारलं. लँड रजिस्ट्री, म्हणजे मालमत्तांची सरकारी नोंदणी, तिच्या संकेतस्थळावर ७ पौंड भरले की नोंदणी झालेल्या कुठल्याही मालमत्तेच्या मालकाचं नाव आणि पत्ता मिळतो. फक्त सरकारी संकेतस्थळच वापरा, तसंच दिसणारी खाजगी संकेतस्थळं दुपटी-तिपटीने पैसे घेतात. मालक एक छोटी कंपनी निघाली. तिचं नाव कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी, नोंदीत टाकलं, ते फुकट असतं, आणि नोंदणीचा चालू पत्ता सापडला. परदेशी कंपनी असेल तर तिच्यासाठी ऑगस्ट २०२२ पासून वेगळी नोंदवही आहे, तिथे खरा मालक कोण तेही पाहता येतं. मी ईमेल नाही केला. एक पानी कागदी पत्र लिहिलं, सही घेऊन पोहोचवायच्या टपालाने पाठवलं. त्यात तक्रार एका ओळीचीही नव्हती. फक्त एवढंच: तुमचं दुकान रिकामं आहे, विमा कंपनीला हे कळवलं नसेल तर तुमच्या संपूर्ण इमारतीचं संरक्षण धोक्यात आहे.

मालकांचा फोन आला. वयस्कर गृहस्थ, दूरच्या गावात राहणारे. इमारत वडिलोपार्जित. भाडेकरू गेल्याचं एजंटने त्यांना कळवलं होतं, पण विम्याचं काय केलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यानंतर चक्रं इतक्या झटपट फिरली की मला रडू आलं. विमा कंपनीने अटी घातल्या: खालच्या दुकानाचं पाणी मेन कॉकपासून बंद करायचं, दर आठवड्याला कुणीतरी आत जाऊन पाहायचं आणि नोंद ठेवायची, दारात साचलेली टपालाची रद्दी उचलायची. लेखी पुरवणी आली, बँकेने मान्य केली, चाव्या हातात पडल्या. हे पत्र मी लिहिलं आणि त्याने काम झालं, याचा मला अभिमान आहे.

त्या गृहस्थांशी बोलताना एक गोष्ट कळली, ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. आमची इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित. साध्या दुकानाला रिकामं झाल्यावर पहिले तीन महिने बिझनेस रेट्स या दुकानावरच्या करातून सूट असते, मग पूर्ण कर भरावा लागतो. लिस्टेड इमारतीतलं दुकान मात्र पुन्हा वापरात येईपर्यंत करमुक्त राहतं. मग मालकाला घाई का असावी? एजंटला तर त्याहून नाही. ऑनलाइन खरेदीने, गावाबाहेरच्या सुपरमार्केटांनी बाजारपेठा मोडल्या हे खरंच आहे, पण प्रत्येक बंद शटरमागे असा एक लांबचा मालक आणि एक न बोलणारा एजंटही असतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे स्थानिक प्रशासनांना, एक अधिकार मिळालाय: २४ महिन्यांत ३६५ दिवसांहून जास्त रिकामं राहिलेलं दुकान १ ते ५ वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी लिलावात काढू शकतात. माझं मत विचाराल तर प्रत्येक कौन्सिलने तो वापरावा.

आठवेल तसं आणखी थोडं. लीजची वर्षं ८० च्या खाली असतील तर वाढवून घेणं महाग पडतं, पाहायला जायच्या आधीच विचारा. ३१ जानेवारी २०२५ पासून लीज वाढवायला दोन वर्षं मालकी हवी ही अट गेली, ही चांगली गोष्ट झाली. लिस्टेड इमारतीत खिडक्यांच्या काचा बदलायलाही बहुधा परवानगी लागते, तेव्हा थंडीचं बिल धरून चाला. खाली खाण्याचं दुकान असेल तर बऱ्याच बँका कर्जच देत नाहीत. ते आज नसलं तरी आधी तिथे काय होतं ते शेजाऱ्यांना विचारा. गाडी असेल तर बाजाराच्या दिवशी ती कुठे लावणार ते आधी ठरवा, पहाटे ठेले लागायला सुरुवात होते आणि त्या आवाजाने जाग येते. मला तो आवाज आवडतो, नवऱ्याला रात्रपाळीनंतर नाही. जुन्या कागदांवर क्रेव्हन कौन्सिलचं नाव दिसेल, १ एप्रिल २०२३ पासून ते सगळं नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलकडे गेलंय. आणि सरकारी दंतवैद्याकडे नाव घालायचं असेल तर घर ठरायच्या आधीपासून फोन सुरू करा.

खालचं दुकान अजून रिकामं आहे. विम्याचा खर्च देखभालखर्चातून आपल्याकडूनच घेतला जात असेल, तर विम्याचा तपशील लेखी मागायचा हक्क १९८५ च्या कायद्याने लीजधारकाला आहे, आणि तो २१ दिवसांत द्यावा लागतो. पॉलिसी नव्या वर्षाची झाली त्याच दिवशी मी पत्र पाठवलंय, एक प्रत एजंटला आणि एक थेट मालकांना.