‘सौभद्र’ बघायला फोंड्यापर्यंत

‘संगीत सौभद्र’ या अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाच्या गोष्टीवरच्या जुन्या संगीत नाटकातली पदं मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. आजीला बरीचशी तोंडपाठ होती. पण नाटक कधी पाहिलं नव्हतं. पुण्यात अधूनमधून प्रयोग लागतात, पण ते अडीच तासांत बसवलेले, निम्मी पदं गाळलेले. मला ते अख्खं बघायचं होतं, रात्रभर. जाणकार मंडळी एकच सांगायची, तसं बघायचं तर गोव्याला जा, देवळाच्या उत्सवात. मध्ये करोना आला, मग घरातली आजारपणं. यंदा एकदाचा योग आला.

रात्रीच्या बसने फोंडा गाठलं. दिवसा मंगेशीला जाऊन आले, दीनानाथ मंगेशकरांचं गाव म्हणून. बाकी दिवस लॉजवर झोपून काढला, कारण रात्र जागायची होती.

गाव फोंडा तालुक्यातलंच. देवळासमोर मांडव, बाहेर खाजं आणि चणे विकणाऱ्यांचे दिवे. पुढच्या खुर्च्यांवर गावकऱ्यांनी संध्याकाळीच टॉवेल टाकून ठेवलेले. मी मागे उभी होते, तर एका आजींनी नातवाला मांडीवर घेतलं आणि खुर्चीवर थाप मारून म्हणाल्या, “बाय, हांगा बस.” नाव नाही, गाव नाही, ओळख नाही. मध्यरात्री त्यांनी डब्यातली भाकरीही पुढे केली. नाट्यगृहात शेजारच्याने माझ्याकडे मान वळवून पाहिल्याचंही मला आठवत नाही.

दहाच्या सुमाराला ऑर्गनने सूर धरला आणि नांदी, म्हणजे नाटकाआधीचं देवाच्या स्तुतीचं पद, सुरू झाली, ‘पंचतुंड नररुंडमालधर’. ही मुळात ‘शाकुंतला’ची नांदी, पण कुठल्याही संगीत नाटकाआधी तीच कानावर पडते. नटमंडळी गावचीच होती. बलराम दिवसा शाळेत शिकवतो, असं आजींनी सांगितलं. रुक्मिणी मात्र बाहेरून बोलावलेली गायिका-अभिनेत्री. अर्जुन वरच्या पट्टीत जरा चिरकत होता. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

मग आलं ‘नच सुंदरी करू कोपा’, रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढताना कृष्ण गातो ते. हे पद मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्या ताना आधीच कानात वाजतात. पण आजवर ऐकला होता तो फक्त कृष्ण. रुक्मिणी तिथे असते, हे ध्यानातच आलं नव्हतं! इथे ती मंचकावर पाठ करून बसली होती, हातातल्या पदराच्या टोकाला पीळ घालत. कृष्ण गात गात जवळ आला की ती पीळ घट्ट करायची. ‘नारी मज बहु असती, परि प्रीति तुजवरती’ या ओळीला मांडवातल्या बायका खळखळून हसल्या. रुक्मिणीच्या खांद्यालाही हसू आलेलं मला स्पष्ट दिसलं, पण मान वळली नाही. शेवटी पीळ सैल झाला, पदर सुटला, तिने वळून पाहिलं. आणि मांडवातून आवाज उठला, “वन्समोअर!”

तिने एक क्षण कृष्णाकडे पाहिलं, पुन्हा पाठ फिरवली आणि पदराला पहिल्यापासून पीळ घालायला घेतला. या खेपेला ती लवकर वितळली नाही. त्यामुळे कृष्णालाही जास्त आळवावं लागलं. पहिल्या वेळी नव्हत्या अशा दोन-तीन जागा, म्हणजे सुरांच्या छोट्या हरकती, त्याने घेतल्या. त्या तिच्या रुसण्यातून निघाल्या होत्या. मला रडू आलं. ध्वनिमुद्रिकेत हे कुठून मिळणार? गाणं एकाच्या गळ्यातून येत होतं, पण ते घडवत दोघं होती.

तक्रार करायचीच तर बक्षिसांची. कुणी खूश होऊन पैसे दिले की लगेच माइकवर नाव. ‘वद जाऊ कुणाला शरण’ संपतं ना संपतं तोच घोषणा सुरू. सुभद्रेचं दुःख अजून मांडवात पसरतही नाही आणि कानावर शे-पाचशेचे आकडे! पैसे जरूर द्यावेत, या मंडळींचा खर्च त्यावर निघतो. पण नावं अंक संपल्यावर वाचली तर कुणाचं काय बिघडेल?

‘प्रिये पहा’ आलं तेव्हा तीन वाजून गेले होते. उषःकालाचं पद आणि खरोखरची पहाट जवळ आलेली. ते अडीच तासांत कापायचं कसं, हे मला आता कळेनासंच झालंय.

पुढच्या वर्षी कुठलं नाटक लावायचं, यावर आजी पडदा पडताच शेजारणीशी हुज्जत घालायला लागल्या. त्यांना ‘मृच्छकटिक’ हवंय. मलाही.