आमची वाटचाल : जिनिंगच्या काट्यावरून

2009 च्या दसऱ्याला हिंगणघाट भागातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, आमच्या सॉफ्टवेअरने पहिला वजनकाटा कॉम्प्युटरवर आणला. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची सिरियल केबल ओढून भरली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, भाव, हमाली हे सगळं आम्ही एका मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) सर्व्हरवर घेतलं. गेटवर काटापट्टी (वजनाची पावती) निघायची आणि तेच वजन ऑफिसात मुनीमजींच्या पडद्यावर दिसायचं. बघता बघता गिऱ्हाइकं वाढली. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरपर्यंत आमचे काटे गेले. त्या वर्षांत सांगण्यासारखं फार काही घडलं नाही.

सांगायचं आहे ते रस्ता रुंदीकरणाच्या सीझनचं. दिवाळीनंतरचा भर होता. गेटबाहेर ट्रॅक्टर, पिकअप, बैलगाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या आणि पट्टी निघायला दहा-बारा सेकंद लागायला लागले. एका गाडीला हे चालून जातं. पण गाडी दोनदा काट्यावर येते आणि मागे पूर्ण रांग असते. पहाटे घरून निघालेला शेतकरी रात्री उशिरापर्यंत कापसावर बसून राहतो. त्याच्या शिव्या काट्यावरचा पोरगा खातो आणि त्या पोराच्या शिव्या आम्ही.

बरं, एका जिनिंगला नाही, त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना हाच त्रास. आणि तोही रोज नाही. सकाळी पट्टी झटक्यात निघे, दुपारी अडके, आम्ही गाडी काढून पोहोचेपर्यंत पुन्हा सुरळीत.

आम्ही वायरीपासून सुरुवात केली. केबल टेस्टर लावून आठही तारा तपासल्या, गेटवरचे जॅक नव्याने क्रिम्प केले. गेट ते ऑफिस अंतर शंभर मीटरच्या वर गेलं तर तांब्याच्या केबलचा भरवसा नाही, तिथे आमची फायबरच होती. स्विचच्या पंख्यात रुई भरलेली होती, ती ब्लोअरने काढली. जिनिंगमध्ये हे दर पंधरवड्याला करावंच, आग लागण्याआधी. पिंग केलं, म्हणजे गेटवरून सर्व्हरला नेटवर्कवर हाक मारून बघितली, तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे वायर साफ.

तेवढ्यात शहरातली एक कंपनी फिरून गेली. तिने मालकांना सांगितलं, गावठी सॉफ्टवेअर आहे, लोड झेपत नाही, नवा सर्व्हर घ्या आणि आमचं सॉफ्टवेअर घ्या. बघता बघता तीन जिनिंग गेल्या. एका ठिकाणी तर आमचा माणूस काट्याच्या खोलीत बसून तपासत असताना त्याच्यासमोर नवा सर्व्हर खोक्यातून काढला गेला. हे मी विसरलेलो नाही.

टिकले ते आमच्या पहिल्या जिनिंगचे मुनीमजी. सत्तरीच्या पुढचे, कॉम्प्युटरला स्वतः हात लावत नसत. पण काट्यावर बसून त्यांनी जुन्या काटापट्ट्यांच्या पाठीवर वेळा टिपल्या होत्या. एका बाजूला पट्टी कधी अडकली ते, दुसऱ्या बाजूला बाजारभावाचा व्हॉट्सअ‍ॅप कधी गेला नाही ते. दोन्ही रांगा जुळत होत्या. म्हणाले, "बापू, नेट गेलं का तुही पट्टी अडकते. पाय, लिवून ठेवलं हाये."

आमचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालतच नव्हतं. सर्व्हर ऑफिसात, कॉम्प्युटर गेटवर, सगळं आतल्या आत. पण मुनीमजींचं टिपण खोटं म्हणायची माझी छाती नव्हती. रस्त्याच्या खोदकामात नेटची केबल वारंवार तुटत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वेळी नेट गेलं तेव्हा मी सर्व्हरसमोरच बसलो. सर्व्हरवरूनच लॉगिन केलं, लगेच आत. गेटवरून केलं, तर थांबा. एकदा आत गेल्यावर मात्र हजारो पट्ट्यांचा हिशेब क्षणात. म्हणजे काम हळू नव्हतं, दारातच अडकत होतं. चालू जोडण्यांची यादी दाखवणारी 'शो प्रोसेसलिस्ट' ही आज्ञा दिली आणि समोर ओळ आली : 'अनऑथेंटिकेटेड यूजर', म्हणजे ओळख न पटलेला, अवस्था 'लॉगिन'.

मायएसक्यूएल नव्या जोडणीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, घेतो आणि त्या आयपीचं नाव काय हे डीएनएसला, म्हणजे नाव-पत्ते जुळवून देणाऱ्या सेवेला, विचारतो. वॉचमनने ओळखीच्या माणसालाही फोन करून खात्री होईपर्यंत फाटकात उभं करावं तसं. आमच्या सर्व्हरला डीएनएस म्हणून बाहेरच्या इंटरनेटवाल्याचा पत्ता होता. नेट चालू असलं की 'असं नाव नाही' हे उत्तर तिकडून पटकन यायचं आणि काम पुढे सरकायचं. नेट गेलं की उत्तरच नाही, मग वेळ संपेपर्यंत वाट बघायची. आणि सॉफ्टवेअर दर वजनाला नवी जोडणी उघडतं, म्हणून दर पट्टीला तोच विलंब.

सेटिंगच्या फाइलमध्ये 'मायएसक्यूएलडी' विभागात 'स्किप नेम रिझॉल्व्ह', म्हणजे नाव विचारत बसू नको, ही एक ओळ टाकली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. नेट बंदच होतं आणि पट्टी झटक्यात निघाली. मुनीमजींनी पट्टी फाडून घेतली, वजन वाचलं आणि पुढची गाडी बोलावली.

नव्या पोरांनी एक लक्षात ठेवावं. ही ओळ टाकल्यावर कॉम्प्युटरच्या नावाने दिलेल्या परवानग्या चालत नाहीत, त्या आयपीने पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून आधी गेटच्या कॉम्प्युटरचा आयपी पक्का करा, राउटरने वाटेल तो पत्ता देऊ नये. आणि हळू म्हटलं की रॅम वाढवायला धावू नका. आधी जोडणीला किती वेळ लागतो आणि क्वेरीला, म्हणजे आतल्या हिशेबाला, किती, हे वेगवेगळं मोजा.

नव्या सर्व्हरवाल्या जिनिंगमध्येही नेट गेलं की पट्टी अडकतच होती, हे मला तिथल्याच काटेवाल्याने सांगितलं. तिथे लाखभराचं बिल झालं होतं. आमच्याकडच्या उपायाला एक ओळ लागली आणि तिचे पैसे आम्ही कुणाकडूनच घेतले नाहीत. गेलेल्या तिन्हींपैकी एक जिनिंग परत आली. उरलेल्या दोघांकडे त्या सीझनची देखभालीची रक्कम आमच्या वहीत आजही येणे दिसते.