केंद्रकं निळी होत नाहीत? आधी नळाचं पाणी तपासा

हिमॅटॉक्सिलीन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं दिसावीत म्हणून वापरायचा रंग, त्याची बाटली वाईट म्हणून ओतून टाकण्याआधी पाणी तपासा. गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. पीएच सातच्या खाली. असल्या पाण्यात सेक्शन (काचेवर बसवलेला ऊतीचा पातळ काप) अर्धा तास धुतला तरी केंद्रकं कोकमाच्या आगळासारखी लालसरच राहतात.

हा रंग बनवायच्या कृती अनेक; लहान प्रयोगशाळेसाठी माझी पसंती मेयरच्या कृतीला. हॅरिसच्या जुन्या कृतीत मर्क्युरिक ऑक्साइड लागतं. तो पारा टाकायचा कुठे हा प्रश्न उरतोच. मेयरसाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात हिमॅटॉक्सिलीन १ ग्रॅम, पोटॅशियम ॲलम ५० ग्रॅम आणि सोडियम आयोडेट ०.२ ग्रॅम घालून कोमट करत ढवळा, किंवा रात्रभर ठेवा. सगळं विरघळलं की सायट्रिक आम्ल १ ग्रॅम आणि क्लोरल हायड्रेट ५० ग्रॅम. पाच मिनिटं उकळा, थंड करा, गाळा. लगेच वापरता येतं.

ॲलम म्हणजे तुरटीच, पण दुकानातला खडा नको. त्यात लोहाचा अंश असला तर रंग काळपट येतो. पावसाळ्यात ॲलमचा डबा दमट होऊन गोळे धरतो, वजन चुकतं. बरणी घट्ट बंद ठेवा.

आयोडेट मात्र काट्यावर नीट मोजा. हिमॅटॉक्सिलीन स्वतः जवळजवळ रंगवत नाही. ऑक्सिडेशन होऊन त्याचं हिमॅटेइन झालं, की ते ॲल्युमिनियमच्या आधाराने केंद्रकाला धरतं. आयोडेट जास्त पडलं तर ऑक्सिडेशन पुढे जाऊन तपकिरी गाळ बसतो. एर्लिखचं हिमॅटॉक्सिलीन आयोडेटशिवाय उजेडात आपोआप पिकायला सुमारे दोन महिने घेतं. मानकुराद आंब्याची आढी परवडली!

रंग जिवंत आहे का हे पाहायला ग्लासभर नळाच्या पाण्यात दोन-चार थेंब सोडा. लगेच निळसर जांभळं झालं तर ठीक. लाल किंवा तपकिरीच राहिलं, तर तेच थेंब चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात टाका. तिथे निळं झालं तर दोष पाण्याचा. तिथेही नाही, तर बाटली बाद.

सेक्शन मेयरमध्ये दहा मिनिटं ठेवून सुरुवात करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून वेळ ठरवा. हॅरिस वापरत असाल तर जादा रंग आम्ल-अल्कोहोलने काढावा लागतो: ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल, तेही काही सेकंदच. इथे हात रेंगाळला की केंद्रकं फिकट.

निळं करायला नळावर विसंबू नका, स्कॉटचं द्रावण करा: एक लिटर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम. स्लाइड बुडवली की मिनिटभरात आगळाचा लाल सरकून निळा होताना डोळ्यांना दिसतो. अमोनियाही चालतो, पण कडक झाला तर सेक्शन काचेवरून सुटतो. नंतर पाण्याने नीट धुवा. अल्कली मागे राहिली तर इओसिन (नंतर द्यायचा गुलाबी रंग) फिकट बसतं आणि दोष उगाच इओसिनवर जातो.

केंद्रकांवर निळे-काळे ठिपके दिसले, आणि ते पेशींच्या वरच्या पातळीवर फोकस होत असतील, तर ती रंगावर धरलेली चकचकीत साय आहे. रोज सकाळी फिल्टर पेपरमधून गाळा.