काखेतलं तेच ते गळू: चिरा द्यायचा की छप्पर काढायचं?

काखेत, जांघेत, स्तनाखालच्या घडीत किंवा बसायच्या जागेवर गळू येतं, फुटतं, भरतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा ठणकायला लागतं. काखमांजरी म्हणून सोडून दिलेल्या अशा दुखण्यामागे अनेकदा हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा असतो, थोडक्यात एचएस. 1854 मध्ये फ्रेंच सर्जन व्हेर्नय यांनी त्याचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला आणि नावही त्याच अर्थाचं रूढ झालं. पण बिघाडाची सुरुवात केसाच्या मुळाशी होते. तिथलं तोंड बुजतं, आत केराटिन (त्वचेतलं टणक प्रथिन) साठतं, मूळ फुटतं आणि सगळा ऐवज त्वचेखाली सांडतो. शरीर त्याच्यावर तुटून पडतं आणि गाठ सुजते. पुढे आत अस्तर असलेले बोगदे तयार होतात. कोणती छोटी शस्त्रक्रिया टिकते आणि कोणती नाही, याचं उत्तर या अस्तरात आहे.

साध्या गळवाचं गणित सोपं असतं. पू बाहेर काढला की पोकळी मिटते. एचएसच्या पोकळीला मात्र आतून त्वचेसारखंच अस्तर आलेलं असतं. तिच्यात केराटिन, तुटके केस आणि गुलाबी, बुळबुळीत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. पू वाहून जातो आणि बाकीचं सगळं जागच्या जागी राहतं. चिऱ्याची फट काही दिवसांत मिटते आणि आत पुन्हा साठवण सुरू होते. म्हणूनच नुसता चिरा देऊन पू काढल्यावर तेच गळू परत येण्याचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्के धरलं जातं.

तरी चिऱ्याला जागा आहे. गाठ तट्ट फुगलेली, वरची त्वचा पातळ आणि चकचकीत, रुग्णाला हात खाली घेता येत नाही, अशा वेळी चिरा दिला की काही मिनिटांत आराम पडतो. तो वेदनेवरचा उपाय आहे, एवढं रुग्णाला आधी सांगावं. आत खरोखर पातळ पू आहे का, हे दोन बोटांनी पाहावं: एका बोटाने दाबल्यावर दुसऱ्याखाली लाट जाणवली पाहिजे. एचएसच्या बऱ्याच गाठी पूर्ण टणक असतात. त्यांच्यावर 11 नंबरचं ब्लेड चालवलं तर रक्ताशिवाय काही निघत नाही आणि व्रण तेवढा वाढतो. पोकळीत गॉज ठासून भरण्याची सवयही सोडलेली बरी. रोज ती ओढून काढताना रुग्णाचा जीव जातो, आणि लहान पोकळीत तिचा फायदा दिसत नाही.

भुलीबद्दल जरा सविस्तर, कारण रुग्ण पुढच्या वेळी यायला घाबरतो तो बहुतेक वेळा इथेच. सुजलेल्या ऊतींत आम्लता जास्त असते आणि आम्लात लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) नीट काम करत नाही. शिवाय गळवाच्या पोटातच सुई घातली तर दाब वाढून दुखतं आणि पू डोळ्यात उडतो. त्यामुळे भूल गळवाच्या भोवतीच्या निरोगी त्वचेत, वर्तुळाकार द्यायची. अ‍ॅड्रेनलिनयुक्त लिग्नोकेन घेतलं तर रक्तस्राव कमी होतो. त्याची कमाल मात्रा किलोमागे 7 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 420 मिलिग्रॅम, एक टक्क्याच्या द्रावणाचे 42 मिलि. अ‍ॅड्रेनलिन नसेल तर किलोमागे साडेचार मिलिग्रॅमवर थांबायचं. 9 भाग लिग्नोकेनमध्ये 1 भाग 8.4 टक्के सोडियम बायकार्बोनेट मिसळलं की टोचतानाची आग बरीच कमी होते. मग किमान 10 मिनिटं थांबायचं. ही 10 मिनिटं वाचवायला गेलं की नंतर दुप्पट भूल द्यावी लागते.

नुकतीच उठलेली एकटी गाठ असेल, बोगदा नसेल, तर पंच (धारदार कडेची गोल नळी) वापरून आत साफ करणं हा सुटसुटीत मार्ग. बायोप्सीचा 5 ते 8 मिलिमीटरचा गोल पंच गाठीच्या बरोबर मध्यावर ठेवायचा आणि फिरवत चरबीपर्यंत न्यायचा. बिघडलेलं केसाचं मूळ त्या गोळीबरोबरच बाहेर येतं. मग बोटाने दाबून, क्युरेटने (चमच्यासारख्या धारदार हत्याराने) खरवडून आणि कोरड्या गॉजने घासून आतली जेली काढायची. टाका घालायचा नाही. गोल भोक चिऱ्यासारखं लगेच मिटत नाही, आणि तेच हवं असतं: तळापासून भरत यायला त्याला वेळ मिळतो.

बोगदा झालेला असेल किंवा गाठ एकाच जागी तिसऱ्यांदा आली असेल, तर छप्पर काढणं, म्हणजे डीरूफिंग. त्वचेवरचं छिद्र शोधायचं आणि त्यातून बोथट टोकाचा प्रोब (बारीक सळई) हलकेच आत सरकवायचा. योग्य बोगद्यात तो विनासायास जातो. जोर लावावा लागला तर थांबायचं, नाहीतर नवा खोटा रस्ता आपणच पाडतो. प्रोब जिथवर जाईल तिथवर त्याच्यावरची त्वचा कापून काढून टाकायची. आता उघडा पन्हाळ दिसतो, जेलीने माखलेला. ती क्युरेटने आणि गॉजने जोर लावून पुसायची. खाली पांढरट, गुळगुळीत तळ लागतो, तो तसाच ठेवायचा. नवी त्वचा त्याच्यावरून आणि कडांवरून पसरते, म्हणून हा तळ कापून काढणाऱ्याची जखम उगाच खोल होते आणि उशिरा भरते. यानंतर कडा एकेक करून प्रोबने पुन्हा तपासायच्या. पुसूनही एखाद्या कोपऱ्यातून जेली येतच राहिली तर तिथे फाटा आहे असं समजून त्याचंही छप्पर काढायचं. डीरूफिंग फसतं ते बहुतेक अशा सुटलेल्या फाट्यांमुळे. रक्त थांबवायला कॉटरी (उष्णतेने डागणं) किंवा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड पुरतं.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात 44 रुग्णांच्या 88 जागांचं डीरूफिंग केलं होतं. 15 ठिकाणी, म्हणजे 17 टक्के, आजार परत आला. परतला तो साधारण पाच महिन्यांच्या आतबाहेर. 2015 च्या एका एकत्रित विश्लेषणात परत येण्याचं प्रमाण रुंद कापून काढण्यात 13 टक्के, फक्त ती जागा कापून काढण्यात 22 आणि डीरूफिंगमध्ये 27 टक्के निघालं. हे आकडे शेजारी ठेवून रुंद शस्त्रक्रियाच सरस म्हणायची घाई करू नये. तिला बहुधा मोठी भूल, त्वचेचं कलम किंवा फ्लॅप (शेजारची त्वचा सरकवून झाकणं) आणि कित्येक आठवडे लागतात, आणि तिच्यासाठी निवडलेले रुग्णही वेगळेच असतात. एकदोन बोगद्यांसाठी डीरूफिंगच हाती घ्यावं. काखेचा सगळा भाग बोगद्यांनी जोडला गेला असेल, म्हणजे एचएसच्या तीव्रतेच्या हर्ली मापातला तिसरा, सर्वात गंभीर टप्पा, तर बाह्यरुग्ण विभागातल्या टेबलावर त्याला हात घालू नये.

उरलं गाठीत सूज उतरवणारं स्टेरॉइड ट्रायअ‍ॅम्सिनोलोन टोचणं. ही शस्त्रक्रिया नव्हे, पण तुलना नेहमी तिच्याशीच होते. 10 ते 40 मिलिग्रॅम प्रति मिलि ताकदीचं औषध, गाठ पाहून 0.2 ते 1 मिलि. कुपी आधी हलवायची, औषध तळाला बसलेलं असतं. फिरवून बसणारी सुई घ्यायची, नाहीतर टणक गाठीत दाब देताना ती निसटते. एका रुग्णमालिकेत दुसऱ्याच दिवशी वेदना निम्म्याहून कमी झाल्याचं नोंदलं होतं. पण 2020 मध्ये आलेल्या चाचणीत 32 रुग्णांच्या 58 गाठींत ते आणि नुसतं सलाइन यांत फरक आढळला नाही. लग्नसमारंभ किंवा परीक्षा तोंडावर असताना एखादी गाठ शमवून पाहायला हरकत नाही. बोगद्यावर मात्र त्याचा भरवसा धरू नये. मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस चढते आणि टोचल्या जागी त्वचा पातळ किंवा फिकट होऊ शकते, हे आधी सांगावं.

घरची काळजी कंटाळवाणी असली तरी सोपी आहे. रोज साबण-पाण्याने धुवायचं, व्हॅसलिनचा जाड थर लावायचा, वर न चिकटणारं ड्रेसिंग. कोरडी खपली धरू द्यायची नाही. आकारानुसार भरायला दोन ते आठ आठवडे जातात. पातळ पिवळसर स्राव येणं अपेक्षित आहे; भोवतीची लाली पसरत जाणं, ताप किंवा न थांबणारं रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. एचएससाठी चालू असलेलं, प्रतिकारशक्ती आवरणारं इंजेक्शन अ‍ॅडॅलिम्युमॅब स्वतःहून थांबवू नये: 206 रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या आगेमागे ते चालू ठेवल्याने जखमेतला संसर्ग वाढला नाही.

गुदद्वाराजवळच्या बोगद्यात प्रोब घालण्याआधी एमआरआय करून घ्यावा. तो भगंदर असू शकतो, किंवा क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार. आणि नितंबावरच्या वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जागेचं काढलेलं छप्पर कचऱ्यात न टाकता तपासणीला पाठवावं, कारण तिथे कधीकधी स्क्वॅमस पेशींचा कर्करोग दडलेला सापडतो.