सहाला पाच कमी

आडनाव अलिबागजवळच्या एका गावाचं, पहिलं नाव बायबलातलं. ओळख करून दिली की समोरच्याचा जरा गोंधळ उडतो, मग चेहरा उजळतो. "म्हणजे तुम्ही ज्यू?" लगेच आवाज खाली येतो. "मग हिटलरच्या वेळी तुमच्या घरातलं कुणी गेलं का हो?"

कुणीच नाही. हे ऐकून माणसांचा थोडा हिरमोड होतो, हे मी कित्येकदा पाहिलंय. आम्ही बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमची आख्यायिका. मग कोकणात घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. ज्यू म्हणून इथे कुणी आमच्या वाटेला गेलं नाही. युरोपात माणसं गुरांच्या डब्यांतून नेली जात होती तेव्हा माझे आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपात होते आणि त्यांना घोर होता तो बदलीचा.

यावर मग दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त रास्त आहे. तुमचा काही संबंध नाही, तर युरोपातल्या त्या निर्वासित ज्यू वादकांबद्दल तुम्ही इतकं का बोलता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संबंध आला तो रेडिओमुळे.

पहाटे सहाला पाच कमी असताना आमच्या घरात आकाशवाणीची ती धून वाजायची. खाली तंबोरा आणि वर व्हायोलिन. त्या वेळी आत्या स्टोव्ह पेटवत असे आणि बाबा दाढीचं पाणी घेऊन बसलेले असत. बाबा स्वतः व्हायोलिन वाजवायचे. बरं वाजवायचे असं मी म्हणणार नाही. माझगावच्या एका गोवेकर मास्तरांकडे चार वर्षं शिकले होते एवढंच. पण ती धून लागली की ब्रश थांबायचा. "हे आपल्यातल्या माणसानं बांधलंय," ते म्हणायचे.

आत्या तिथूनच म्हणायची, "आपल्यातला कसला? साहेब तो. आपल्या मशिदीत एकदा तरी दिसला का?" (आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणतात. नव्या माणसाला हेही दरवेळी समजावावं लागतं.)

त्या धुनीचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, गाव कार्ल्सबाड, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. संगीताचं शिक्षण बर्लिनमध्ये, मग प्रागमध्ये. प्रागला प्रबंध लिहून झाला, आणि आपले मार्गदर्शक नाझी युवक संघटनेचं काम करतात हे कळल्यावर या माणसानं पदवीच घेतली नाही. १९३४ मध्ये मुंबईला आले. मुंबईच का, तर इथला व्हिसा सहज मिळत होता. शिवाय बर्लिनच्या दिवसांतले मित्र मोहन भवनानी इथे सिनेमे काढत होते. सुरुवातीला आपल्या संगीताच्या तबकड्या ऐकून त्यांना काहीएक कळलं नाही. पण लाखो माणसांना जे आवडतं ते आपल्याला कळत नसेल, तर खोट आपल्यातच असणार, असा हिशेब त्यांनी केला. युरोपातून आलेल्या किती साहेबांनी हा हिशेब केला असेल?

आल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. पियानोवर कॉफमन, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३७ पासून कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागले. 'अनसूया' नावाचा रेडिओसाठीचा ऑपेरा केला, गोंड आणि बैगा लोकांची गाणी टिपून घेतली. १९४६ ला गेले. आधी इंग्लंड, मग कॅनडा आणि शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ. तिथे उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानी रागांवर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. १९८४ मध्ये वारले.

एक गोष्ट बाबांना ठाऊक नव्हती, मला फार उशिरा कळली. कॉफमनची बायको गेर्टी ही प्रागचा लेखक फ्रांझ काफ्का याची सख्खी भाची. काफ्काच्या बहिणीची, एलीची मुलगी. एलीला १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधल्या लॉज़च्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नेलं, तिथून ती परत आली नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी गेल्या. आत्या ज्याला साहेब म्हणायची त्याच्या घरी, याच मुंबईत, कोणत्या पत्राची वाट पाहिली जात असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. गुरुवारचे कार्यक्रम मात्र चालूच होते.

इथे माझं मत सांगून टाकते, कारण त्यावरून पुष्कळदा वाद होतो. "संगीतानं त्यांना जगवलं" असं वाक्य भाषणांत फार येतं आणि लोक डोळे पुसतात. मला ते वाक्य ओलसर वाटतं. या गोष्टी जवळून पाहिल्या तर संगीत तिथे फुंकर घालायला आलेलं दिसत नाही. ते हातातलं कसब होतं, आणि त्या घडीला कुणाला तरी त्याची गरज होती.

आनिटा लास्करचंच बघा. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरातल्या ज्यू वकिलाची मुलगी. आई व्हायोलिन वाजवायची, आनिटा चेलो शिकली. आईवडिलांना १९४२ मध्ये नेलं आणि मारलं. आनिटा आणि तिची बहीण रेनाटे खोट्या कागदपत्रांवर फ्रान्सला पळू पाहत होत्या, स्टेशनवरच पकडल्या गेल्या. आधी तुरुंग, मग १९४३ च्या अखेरीस आउश्वित्झ, नाझींची मृत्युछावणी. तिथे पोरीला नागडं केलं, डोकं भादरलं, हातावर आकडा गोंदला: ६९३८८. हे करणाऱ्याही कैदीच होत्या. त्यांतल्या एकीनं सहज विचारलं, बाहेर काय करायचीस? अठरा वर्षांची आनिटा म्हणाली, चेलो वाजवायचे. एवढ्यानं सगळं बदललं. छावणीत बायकांचा वाद्यवृंद होता. व्हायोलिनं होती, मँडोलिनं, गिटार, अकॉर्डियन होते; खर्जातलं वाद्य मात्र एकही नव्हतं. पेटी-तबल्याच्या बैठकीत तबलजीच आला नाही तर जशी पंचाईत होते, तशी त्यांची पंचाईत झाली होती. म्हणून आनिटा वाचली.

वाजवायचं काय, तर सकाळी कामावर जाणाऱ्या कैद्यांच्या रांगा फाटकातून पावलात पाऊल टाकून बाहेर पडाव्यात म्हणून मार्च. संध्याकाळी त्या परत येताना पुन्हा मार्च. ज्यांच्यासाठी वाजवायचं त्यांतली कितीतरी माणसं उद्या दिसणार नाहीत हे वाजवणाऱ्यांना माहीत होतं. आणि एकदा छावणीतल्या नाझी डॉक्टर मेंगेलेला शूमान या संगीतकाराची 'ट्रॉयमराय' ही रचना ऐकायची लहर आली, तीही आनिटानं वाजवली. याला दिलासा कसा म्हणायचं?

वृंदाची प्रमुख होती आल्मा रोझे. बाप व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा पहिला व्हायोलिनवादक, मामा संगीतकार गुस्ताव मालर. बापाला घेऊन ती लंडनला सुखरूप पोचली होती. पण पैसा लागतो, म्हणून कार्यक्रम करायला हॉलंडला गेली आणि तिथेच अडकली. आपल्याकडे कलाकार म्हणतात ना, बिदागी हातात पडेपर्यंत काही खरं नाही. आल्माच्या बाबतीत बिदागीच जिवावर उठली. छावणीत ती भयंकर कडक होती. सूर चुकला की शिक्षा करायची. पुढे वाचलेल्या बायका म्हणत की त्या कडकपणानंच आम्ही जगलो, कारण वृंद बेसूर झाला असता तर तो मोडला असता आणि मग आमचं काय झालं असतं हे सांगायला नको. आल्मा स्वतः १९४४ च्या एप्रिलमध्ये छावणीतच वारली. आनिटाची सुटका झाली १५ एप्रिल १९४५ ला, बेर्गन-बेल्सन या दुसऱ्या छावणीत. ती इंग्लंडला गेली, इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापकांपैकी एक झाली, ब्रेस्लाउच्याच एका पियानिस्टशी लग्न केलं. मुलगा राफाएल नामांकित चेलोवादक, नातू सायमन चेलो वाजवतो आणि गातोही. मुलांपाशी तिनं कित्येक वर्षं छावणीचं नाव काढलं नाही. चेलो मात्र घरात रोज वाजत होता.

ब्रॉनिस्लाव्ह हुबरमननं तर हे कसब तराजूतच घातलं. हा पोलिश ज्यू व्हायोलिनवादक. जर्मनीत ज्यू वादकांना नोकऱ्यांवरून काढू लागले तेव्हा त्यानं पॅलेस्टाइनमध्ये वाद्यवृंद उभा करायचं ठरवलं. युरोपभर फिरून परीक्षा घेतल्या. पास झालात की तेल अवीव, बायकामुलांसकट. सत्तरेक वादक आणि त्यांच्या घरची माणसं मिळून हजाराच्या आसपास जीव वाचले असा अंदाज करतात. २६ डिसेंबर १९३६ ला पहिला कार्यक्रम झाला, वृंदसंचालक तोस्कानिनीनं पैसे न घेता केला. मी मात्र नेहमी त्या परीक्षेच्या दाराबाहेर उभी असते. ज्याचं बोट त्या दिवशी घसरलं, जो सर्दीनं बेजार होता, ज्याचा नंबर जरासा हुकला, तो वाद्य पेटीत ठेवून घरी गेला असेल. घरी म्हणजे कुठे, हे आज आपल्याला माहीत आहे.

आता मेहली मेहता. त्या धुनीतलं व्हायोलिन त्यांचंच असं सांगतात. मुंबईचे पारशी. कॉफमनच्या शेजारी बसून गुरुवारमागून गुरुवार वाजवत होते. १९३६ मध्ये, म्हणजे तेल अवीवला तो वाद्यवृंद सुरू झाला त्याच वर्षी, त्यांना मुलगा झाला. झुबिन. पुढे हाच झुबिन त्याच वाद्यवृंदाचा, एव्हाना त्याचं नाव इस्राएल फिलहार्मोनिक झालेलं, १९६९ मध्ये संगीत सल्लागार झाला, १९७७ पासून संचालक, आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत पन्नास वर्षं तिथे होता. निर्वासितांसाठी उभारलेला वृंद मुंबईच्या पारशाच्या हाती. घराणं म्हणजे रक्त असं आत्या धरून चालायची. बाबा कदाचित शेजारी कोण बसलं होतं ते मोजत असावेत.

आमच्या घराण्यात म्हणाल तर एक वही आहे. आत्याची. मलिदा म्हणजे आमचा एक विधी; त्या दिवशी पोहे-खोबऱ्याच्या ताटाभोवती बसून 'एलियाहू हन्नाबी' हे हिब्रू गीत म्हणतात, ते तिनं देवनागरीत उतरवून घेतलं होतं, कारण हिब्रू तिला वाचता येत नसे. पान पिवळं, कोपऱ्यात गुळाचा डाग. आत्या गेल्यावर ती वही तिच्या मुलीकडे, इस्राएलमधल्या अश्दोदला गेली. तिथे तिच्या नातवाला हिब्रू घडाघडा येतं आणि देवनागरीचं अक्षर ओळखू येत नाही. तो व्हायोलिन शिकतो. गेल्या पावसाळ्यात या आतेबहिणीनं व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाली, ऐक, यूट्यूबवरून तुमची ती रेडिओची धून बसवलीय यानं.

पोरानं हनुवटी टेकवली, वाजवायला लागला. हात चांगला आहे. पण गंधार शुद्ध लावत होता, त्यामुळे सगळ्याचा भूप होत होता.

"तिला सांग," मी बहिणीला म्हटलं आणि मग लक्षात आलं की मी 'तिला' म्हणाले, 'त्याला' म्हणायच्या ऐवजी. डोळ्यांपुढे आत्या होती. "त्याला सांग, ते तिसरं बोट जरा मागे घे. शिवरंजनी आहे ती. गंधार कोमल."

तिनं हिब्रूत सांगितलं. त्यानं बोट मागे घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.